रिंगणातले बलुतेदार

‘द हंगर गेम्स’ मालिकेतला दुसरा चित्रपट, ‘कॅचिंग फायर’, २०१३ साली आला आणि त्याच्यावरून चाहत्यांमध्ये सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, ही पहिल्याच चित्रपटाची सुधारून काढलेली आवृत्ती आहे. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा रथ, पुन्हा मुलाखती, पुन्हा रिंगण. दुसरी बाजू म्हणते, मालिकेतला सर्वांत चांगला चित्रपट हाच. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण त्या बाजूची नेहमीची कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. पैसा जास्त ओतला, कॅमेरा स्थिर झाला, कपडे भारी झाले, हे सगळं कबूल. तरी हा चित्रपट मोठा होतो तो त्यातल्या धंद्यांच्या वाटणीमुळे. आणि ही गोष्ट लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्या असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला परदेशी समीक्षकापेक्षा लवकर दिसायला हवी. (शेवट सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं.)

पॅनेम नावाच्या या देशात एक राजधानी आहे, कॅपिटॉल, आणि तिच्या ताब्यात बारा जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी काढून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची आणि सगळ्यांना एका रिंगणात एकमेकांना मारायला सोडायचं, शेवटी उरेल तो विजेता: हेच ते ‘हंगर गेम्स’. प्रत्येक जिल्ह्याला एक धंदा लावून दिलेला. पहिल्यात चैनीच्या वस्तू, दुसऱ्यात दगडकाम आणि शिपाईभरती, तिसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स, चौथ्यात मासेमारी, सातव्यात लाकूड, आठव्यात कापड, अकराव्यात शेती, बाराव्यात कोळसा. जन्म ज्या जिल्ह्यात, तोच धंदा. बारा हा आकडा आणि जन्मानं ठरलेलं काम म्हटलं की मराठी माणसाला बलुतेदारी आठवणारच. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी. काम वर्षभर, मोबदला सुगीला धान्यात. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं काही कारण नाही, तिनं कुणाच्या वाट्याला काय दिलं ते आपल्याला ठाऊक आहे. पण तिच्यात एक गोष्ट होती. लोहार आणि शेतकरी एकमेकांना रोज तोंडावर भेटत होते. फाळाला धार लावून दिली नाही तर नांगर अडतो, हे दोघांनाही माहीत होतं.

पॅनेमनं जन्मसिद्ध धंदा तेवढा ठेवला आणि ही भेट कापून टाकली. कोळसा बाराव्या जिल्ह्यातून थेट कॅपिटॉलला, धान्य अकराव्यातून थेट कॅपिटॉलला. बाराव्यातला खाणकामगार आणि अकराव्यातला शेतमजूर यांची गाठ पडायची सोयच नाही. बाराव्यातल्या गरिबाला धान्य हवं असेल तर ‘टेसेरा’ घ्यायचा: एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल, आणि त्याच्या बदल्यात मरणाच्या सोडतीत आपल्या पोराच्या नावाची आणखी एक चिठ्ठी. पहिल्या चित्रपटात बाराव्या जिल्ह्यातली नायिका कॅटनिस, तिचा मित्र गेल याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या त्या पेटीत असतात, त्या अशा साठलेल्या. उपाशी राहणं आणि मारलं जाणं यांच्यात असा विनिमयदर बसवणारी सरकारं कादंबऱ्यांमध्ये तरी फार सापडत नाहीत. सुझान कॉलिन्सची मूळ कादंबरी २००९ची. हा हिशोब तिच्यात जास्त ठळक आहे, चित्रपटात तो कडेकडेनं येतो.

पहिल्या भागात या वाटणीचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण रिंगणात उतरतात ती बारा ते अठरा वयाची मुलं. धंदा अजून हातात बसलेला नाही. कॅटनिस धनुष्य चालवते, पण ती कला कोळशाच्या जिल्ह्याची नाहीच. कुंपणाखालून जाऊन चोरून शिकार करताना आलेली आहे. दुसऱ्या भागात ७५वे खेळ येतात. दर २५ वर्षांनी एखादा खास नियम लावायची रीत असते, आणि या वेळचा नियम असा की चिठ्ठ्या फक्त आधीच्या विजेत्यांमधून काढायच्या. राष्ट्राध्यक्ष स्नोचा हेतू सरळ आहे. कॅटनिस लोकांच्या डोक्यात बसली आहे, ती मेली पाहिजे, आणि विजेतासुद्धा कॅपिटॉलपुढे टिकत नाही हे दिसलं पाहिजे.

स्नोची चूक इथेच होते, आणि चित्रपटाचा कणा ही चूक आहे. आयुष्यभर एकमेकांपासून तोडून ठेवलेल्या धंद्यांतली तयार झालेली माणसं तो स्वतःच्या हातानं एका जागी आणतो. मासेमारीच्या चौथ्या जिल्ह्यातला फिनिक त्रिशूळ घेऊन येतो, लाकडाच्या सातव्यातली जोहाना कुऱ्हाड घेऊन. तिसऱ्यातले बीटी आणि वायरेस यांच्याजवळ हत्यार असं नाही, त्यांना तार आणि यंत्रं कळतात. पॅनेममध्ये जिल्ह्याजिल्ह्यांची कारागिरी समोरासमोर भेटू शकेल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे हे रिंगण, आणि ती सरकारनंच बांधलेली आहे. पटकथेत याबद्दल कुणी भाषण देत नाही हे बरंच झालं. हे कामांतून दिसतं: कोण पोहतो, कोण झाड ओळखतो, कोण घड्याळ ओळखतो.

चित्रपटाचा पहिला अर्धा भाग अनेकांना रेंगाळलेला वाटतो. १४६ मिनिटांच्या चित्रपटात रिंगण साधारण अर्ध्या वाटेवर येतं. तोवर विजययात्रा, साखरपुड्याचं नाटक आणि मेजवान्या. तो भाग पुढे ढकलून पाहणाऱ्यांनी खरा चित्रपट सोडला असं मी म्हणेन. तिथल्या दोन प्रसंगांवर पुढचं सगळं उभं आहे.

पहिला प्रसंग अकराव्या जिल्ह्यातला. पहिल्या भागातल्या रिंगणात मेलेल्या रू आणि थ्रेशच्या घरच्यांसमोर, कॅटनिसबरोबर ते खेळ जिंकलेला पीटा जाहीर करतो की आपल्या बक्षिसातली दरवर्षी एका महिन्याची रक्कम तो या कुटुंबांना देईल. कोळशाच्या जिल्ह्यातला माणूस शेतीच्या जिल्ह्यातल्या माणसाला, मध्ये कॅपिटॉल न आणता, काहीतरी देऊ करतो आहे. राज्याच्या दृष्टीनं हा गुन्हाच. नंतर कॅटनिस बोलते, गर्दीतला एक म्हातारा चार सुरांची शीळ घालतो, तीन बोटं वर करतो, सगळा चौक तेच करतो, आणि शिपाई त्या म्हाताऱ्याला ओढून पायऱ्यांवर नेऊन गोळी घालतात. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स गोळी नीट दाखवत नाही. दारं बंद होत जातात आणि आपण कॅटनिसबरोबर आत ओढले जातो. हिंसा किती दाखवायची याची अमेरिकी प्रमाणपत्राची मर्यादा होती हे खरं, पण या ठिकाणी ती मर्यादा उपयोगी पडली आहे.

दुसरा प्रसंग ‘हॉब’ जाळण्याचा. हॉब म्हणजे बाराव्या जिल्ह्यातला चोरबाजार. कॅटनिस मारलेली जनावरं तिथे विकते, शिपाईसुद्धा तिथून खरेदी करतात. नवा अधिकारी येतो आणि सगळ्यात आधी हा बाजार मोडतो. गेल मध्ये पडतो आणि त्याच्या पाठीवर चाबूक ओढले जातात. चर्चा नेहमी चाबकांची होते. मला जळणारा बाजार जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या जिल्ह्यात कॅपिटॉलच्या परवानगीशिवाय भाव ठरत होता अशी ती एकमेव जागा होती.

इथे नाशिकच्या प्रेक्षकाला कांदा आठवला नाही तरच नवल. जिल्ह्यात पिकतो कांदा, आणि तो कुठे, कधी विकला जाईल हे दूर राजधानीत ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर निर्यात पूर्ण बंद झाली. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. कागदावर हे निव्वळ तारखांचं वेळापत्रक वाटतं. बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं यातली डिसेंबरची तारीख सगळ्यात वाईट होती, आणि त्याचं कारण कांद्याच्या जातीत आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो; सड, मोड आणि वजनातली घट सोसून का होईना, शेतकरी भावाची वाट पाहू शकतो. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, साल पातळ, तो टिकत नाही. काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो. वाट पाहायची सोय नसलेल्या मालावर बंदी आली की भाव पडतो आणि पडलेलाच घ्यावा लागतो.

म्हणून भारत म्हणजे पॅनेम, असं म्हणणं पोरकटपणाचं आहे, आणि समाजमाध्यमांवर दर आंदोलनात तसं म्हणणारे भेटतात. शहरातल्या गिऱ्हाइकालाही पोट आहे, आणि कांदा ८० रुपये किलो झाला की त्याचीही ओरड खरी असते. शिवाय आपल्याकडे लिलाव बंद पाडता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काविरुद्ध नाशिकच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी ते पाडलेही. अकराव्या जिल्ह्यात लिलावच नाही तर बंद काय पाडणार? आणि नाशिक काही एका धंद्याचा जिल्हा नाही. नाशिकरोडला नोटा छापतात, ओझरला विमानं तयार होतात, येवल्यात पैठणी विणतात, दिंडोरी-निफाडला द्राक्षं होतात. तरीही, पिकवणारा एकीकडे आणि विक्रीचं दार उघडणारा-लावणारा दुसरीकडे, ही रचना माणसाला किती अगतिक करते हे समजायला हा चित्रपट उपयोगी पडतो. सार्वजनिक चर्चेत त्याला ‘कॉलेजच्या पोरांचा सिनेमा’ म्हणून बाजूला टाकतात. माझी तक्रार नेमकी त्या सवयीबद्दल आहे. शेतमालाच्या धोरणावर बोलणाऱ्या ज्येष्ठांनी एकदा अकराव्या जिल्ह्याचा तो प्रसंग पाहावा, आणि चित्रपटाच्या चाहत्यांनी एकदा सकाळी नऊला लासलगावचा लिलाव पाहावा. दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूचं थोडं कळेल.

आता रिंगण. जगण्या-मरण्याच्या चित्रपटांची खरी परीक्षा तपशिलात होते, आणि चाहते म्हणवणाऱ्यांनी इथे सूट देऊ नये.

रिंगण गोल आहे, मध्ये खारं पाणी, पाण्यात बेट, बेटावर हत्यारं. पाण्यातून बारा दगडी पट्टे बाहेर जातात, दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन-दोन स्पर्धक, एकूण २४. भोवती जंगलाचे बारा भाग, आणि दर तासाला एका भागात एक संकट जागं होतं: बाराला वीज, मग रक्ताचा पाऊस, मग विषारी धुकं, मग माकडं, मग माणसांच्या आवाजात किंचाळणारे पक्षी, दहाला मोठी लाट. हे घड्याळ आहे हे वायरेस ओळखते, पण तिच्या तोंडून ‘टिक टॉक’ एवढंच निघतं आणि ते वेडातलं बरळणं आहे असं बाकीच्यांना वाटतं. पहिल्या भागातलं रिंगण मनमानी होतं, गरज पडली की आग, गरज पडली की कुत्रे. इथे संकटांना वेळापत्रक आहे, म्हणून प्रेक्षकही हिशोब करू शकतो. आणि लोक हिशोब करू लागले हे दिसताच नियंत्रक मधलं बेट गरगरा फिरवून दिशा पुसून टाकतात. म्हणजे नियम कळला तरी तो नियम कुणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच.

तहान हा रिंगणातला पहिला खरा शत्रू. दमट उष्णतेत झाडीतून चालणाऱ्याचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. समोर पाणी आहे, पण खारं, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं तेवढं खारट मूत्र तयार करू शकत नाहीत, त्यामुळे एक पेला प्यायला तर तो मीठ बाहेर टाकायला पेल्यापेक्षा जास्त पाणी शरीरातून जातं. इथवर चित्रपट बरोबर आहे. मग वरून छत्रीनं धातूची एक छोटी नळी येते, ती खोडात ठोकतात आणि पाण्याची धार लागते. हे मात्र सोपं करून दाखवलं आहे. उत्तर अमेरिकेत मेपलच्या झाडाला अशी नळी लावतात ती हिवाळा सरताना, रात्री गोठण आणि दिवसा ऊब असते तेव्हा. त्या चढउतारानं खोडात दाब तयार होतो. उष्ण जंगलात भर दिवसा पानं पाणी उडवत असतात, खोडातल्या नळ्यांतलं पाणी वर ओढलेलं, ताणलेलं असतं. तिथे भोक पाडलं तर पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते.

पण या दृश्याला साफ खोटं ठरवण्याआधी आपल्या पेठ-सुरगाण्याच्या रानाकडे पाहावं. तिथे ऐन आहे, म्हणजेच सादडा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं झाड. त्याच्या काही खोडांवर फुगवटे येतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी अशा फुगवट्याला छेद दिला आणि पाण्याची धार उसळली. ही माहिती त्यांना तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींकडून मिळाली होती. तेव्हा झाडातून पाणी मिळू शकतं, अट अशी की झाड ओळखता आलं पाहिजे आणि फुगवटा दिसला पाहिजे. नुसत्या सरळ खोडाला भोक पाडून झाडाला जखम होते, हाती काही येत नाही. कॅटनिसच्या हाती नळी आली, झाडाबद्दलचं ज्ञान रिंगणात कुणी दिलं नाही, आणि पटकथेनं तो प्रश्न पळवाटेनं सोडवला. इथे अकराव्या जिल्ह्याच्या एखाद्या माणसाला काम देता आलं असतं. संधी वाया गेली.

पीटाचं हृदय बंद पडतं तो प्रसंग त्या मानानं नीट जमला आहे. कोयत्यानं वेली तोडता तोडता तो अदृश्य विद्युतभिंतीला लागतो आणि फेकला जातो. कॅटनिस घाबरून काहीच करू शकत नाही. फिनिक तिला बाजूला ढकलून छाती दाबायला आणि तोंडानं श्वास द्यायला लागतो. विजेच्या धक्क्यानं बंद पडलेल्या हृदयाला हे करणं योग्यच. खऱ्या आयुष्यात मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली, दर ३० दाबांमागे दोन श्वास, आणि थांबायचं नाही. पडद्यावर दाब उथळ आहेत, पण अभिनेत्याच्या बरगड्या जिवंत असतात म्हणून ते माफ. धुक्याच्या विषाचं काय? अंगावर फोड, हातपाय लुळे, आणि खाऱ्या पाण्यात बुडवलं की विष पांढरं होऊन निघून जातं. विष असं ‘ओढून’ काढणारं पाणी नसतं. भरपूर पाण्यानं ताबडतोब धुणं तेवढं खरं.

आणि मग तार. बीटीची योजना अशी: दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या ठोक्याला वीज ज्या मोठ्या झाडावर पडते त्याला तार गुंडाळायची, तारेचं दुसरं टोक जंगलातून खाली नेऊन खाऱ्या पाण्यात सोडायचं, म्हणजे ओल्या वाळूवरचे शत्रू एका फटक्यात मरतील. ही योजना ऐकायला झकास आहे आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं कच्ची. विजेच्या एका लोळात साधारण ३०,००० अँपिअर असतात. खाऱ्या पाण्यात तो प्रवाह पृष्ठभागालगत चहूकडे पसरतो आणि अंतराबरोबर झपाट्यानं क्षीण होतो. तारेच्या टोकाजवळचा मरेल, पलीकडच्या किनाऱ्यावरचा बहुधा नाही. अनेक जण हा पटकथेचा दोष समजतात. माझं वाचन वेगळं आहे. ही योजना जोहाना, फिनिक आणि बीटी यांनी पीटा-कॅटनिससमोर आणि कॅमेऱ्यांसमोर मांडलेली आहे. हे तिघं बंडवाल्यांना सामील आहेत आणि त्यांचा खरा बेत रिंगणाचं छत फोडायचा आहे. बाहेर ऐकणाऱ्याला पटेल एवढी ती बरी असली की झालं.

तार बारीक आहे, इतका प्रवाह गेला तर ती वितळणार नाही का, ही दुसरी नेहमीची शंका. वितळेलच, वाफ होईल. पण शास्त्रज्ञ कृत्रिमरीत्या वीज खाली उतरवतात ते असंच: छोट्या रॉकेटमागे केसासारखी बारीक तांब्याची तार लावून ढगाखाली सोडतात, वीज त्या वाटेनं येते, तार क्षणात वाफ होते आणि प्रवाह तिच्या जागी तयार झालेल्या तापलेल्या वायूच्या नळीतून वाहत राहतो. तारेनं वाट दाखवली की तिचं काम संपलं.

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मांडव किंवा वाय पद्धतीच्या बागेत लोखंडी अँगलवर जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा ओळीच्या ओळी ताणलेल्या असतात. बागेच्या एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला तारेला हात लावून उभा असलेला मजूर सुरक्षित नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वळवाचे ढग येतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या वेळी परतीचा पाऊस असतो. म्हणजे बागेत माणसं सगळ्यात जास्त असतात तेव्हाच गडगडाटही असतो. गडगडाट ऐकू आला की तारा आणि झाडं सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. बीटीनं झाडाखाली उभं राहून जे केलं ते कुणी करू नये.

योजना फसते कुठे? तार मध्येच कापली जाते. जोहाना कॅटनिसला पाडते आणि तिच्या हातातला माग काढणारा तुकडा सुरीनं उकरून काढते. कॅटनिसला वाटतं हा दगा आहे. ती झाडाकडे परतते, बीटी बेशुद्ध पडलेला, हातात तार गुंडाळलेलं पातं. मग तिला उलगडतं की तो छतावर नेम धरत होता. ती तार बाणाला गुंडाळते आणि वीज पडायच्या क्षणी वर सोडते. बाणाला दोरी बांधून मारणं सोपं नाही. धनुष्यानं मासे मारणारे दोरी सैल, न अडकता सुटेल अशी गुंडाळून ठेवतात, कारण ती अटकली तर बाण हवेतच मागे खेचला जातो. कॅटनिसच्या तारेला पुरेशी ढील होती असं गृहीत धरावं लागतं. पण नेम कुठे धरायचा याची तयारी आधी झालेली आहे: सरावाच्या वेळी वायरेस आणि बीटी तिला विद्युतभिंतीतली थरथर कशी ओळखायची ते दाखवतात. तिसऱ्या जिल्ह्याची तार, बाराव्या जिल्ह्यातल्या चोरट्या शिकारीचा बाण. रिंगण फुटतं ते या जोडकामानं. पहिल्या भागात एकटी मुलगी मूठभर विषारी फळांच्या जोरावर सुटली होती. इथे एकट्यानं सुटणं शक्यच नाही, आणि कॅटनिसला ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. तिचा राग रास्त आहे. बंडवाल्यांनीही तिला वापरलंच.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. पहिल्या चित्रपटात गॅरी रॉसचा हातातला हलता कॅमेरा डोकं दुखवायचा. लॉरेन्स आणि छायाचित्रकार जो विलेम्स यांनी तो थांबवला. रिंगणाचा भाग मोठ्या आयमॅक्स फिल्मवर चित्रित झाला, आणि कॅटनिस नळकांड्यातून रिंगणात वर येते तेव्हा आयमॅक्सच्या पडद्यावर चौकट वर-खाली उघडत जाते. नाशिकमध्ये साध्या पडद्यावर ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी चौकट बदलली नाही. ब्लू-रेवर रिंगणाचं चित्र पडदाभर उंच होतं. घरी पाहणाऱ्यांनी वर-खाली काळे पट्टे रिंगणातही तसेच राहतात का ते पाहावं, राहिले तर ती कापलेली प्रत. हत्यारांचं बेट हवाईत नव्हतं, हेही गमतीचं. जंगल हवाईचं, पण बेट जॉर्जिया राज्यातल्या जोन्सबरोच्या एका उद्यानात, जिथे १९९६च्या ऑलिंपिकसाठी बीच व्हॉलीबॉलची मैदानं केली होती. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनाही एवढी जुळवाजुळव परकी वाटली नसती.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो, आणि तो गंभीर आहे. हा चित्रपट भुकेवर आणि दिखाऊ राजधानीवर टीका करतो, आणि त्याच चित्रपटाच्या नावानं अमेरिकेत एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं कॅपिटॉलच्या नावाची मेकअपमालिका विकली, एका सँडविच साखळीनं तिखट सँडविचं विकली. मेजवानीत लोक ओकारीचं औषध घेऊन पुन्हा खातात हे दृश्य ज्या चित्रपटात आहे त्याच्या नावानं! स्नोला यात काहीच खटकलं नसतं. पण मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी निषेधाला हीच तीन बोटं वर केली, आणि त्यासाठी त्यांना पोलिसांनी पकडून नेलं. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये तीच खूण आली. तेव्हा सँडविच विकणाऱ्यांनी चित्रपट पचवला असं म्हणायला मी तयार नाही. तीन बोटांची खूण पहिल्या भागातली. ती केल्यावर काय होतं हे दाखवणारा भाग दुसरा.

दोषही आहेत. पहिल्या-दुसऱ्या जिल्ह्यांचे विजेते पुठ्ठ्याचे आहेत, त्यांना दात विचकण्यापलीकडे काम नाही. गेल-पीटा-कॅटनिस हा त्रिकोण ताणलेला आहे. अकराव्या जिल्ह्याची शेतं दिसतच नाहीत, फक्त चौक आणि गर्दी. धान्य पिकवणाऱ्यांचा जिल्हा दाखवताना एखादं शेत दाखवायला काय हरकत होती? आणि चित्रपट एका वाक्याच्या बातमीवर तुटतो: बारावा जिल्हा उरलेला नाही.

पण मोठी निराशा पुढच्या दोन भागांत येते, २०१४ आणि २०१५च्या. एकाच पुस्तकाचे दोन तुकडे केले हा तर भाग झालाच. त्याहून वाईट म्हणजे गोष्ट जमिनीखालच्या, नष्ट झाला असं सांगितल्या गेलेल्या तेराव्या जिल्ह्यात जाते, जिथे सगळे राखी कपड्यांत एकसारखे आणि कुणाचाच धंदा उरत नाही. बीटी शस्त्रं बनवणारा होतो, फिनिक कॅमेऱ्यासमोर जबानी देणारा, जोहाना रुग्णालयात. तिसऱ्याची तार आणि सातव्याची कुऱ्हाड एका कामाला लागतील असा प्रसंग त्या दोन चित्रपटांत एकही नाही.